हेडफोनमधला उशीर: ऑडिओ ड्रायव्हरची पार्श्वभूमी

पंधराएक वर्षांपूर्वी नाशिकला गंगापूर रोडवरच्या आमच्या घरी मावसबहीण एक अभंग रेकॉर्ड करायला बसली. तबल्याचा ठेका आधीच भरून ठेवला होता. पहिली दोन आवर्तनं ती नीट गायली, मग लय ओढायला लागली. हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज मागून येत होता, ती त्याच्यासाठी थांबायची, आणि तो आणखी मागे राहायचा. शेवटी तिने एका कानावरचा हेडफोन सरकवला तेव्हा कुठे गाणं ताळ्यावर आलं. संगणक जिथून घेतला त्या दुकानदाराचं निदान तयार होतं: ‘रॅम वाढवा.’ वाढवली. पैसे गेले, उशीर तसाच राहिला.

तो तसाच राहणार होता, कारण प्रश्न ताकदीचा नव्हता, रांगेचा होता. आवाज संगणकात शिरतो तो आकड्यांच्या रूपात, सेकंदाला ४४,१०० आकडे. प्रत्येक आकड्यासाठी प्रोसेसर हातातलं काम टाकून धावू शकत नाही, म्हणून आकडे एका घमेल्यात साठवून एकदम उचलतात. त्या घमेल्याला म्हणायचं बफर. १०२४ आकड्यांचं घमेलं भरायला २३ मिलिसेकंद लागतात. आत येताना एक, बाहेर जाताना एक, म्हणजे ४६ झाले. १२८ आकड्यांचं घमेलं तीन मिलिसेकंदांतच भरतं, पण मग प्रोसेसरला सेकंदाला साडेतीनशे फेऱ्या माराव्या लागतात. एखादी फेरी चुकली की आवाजात कट्‌कट् सुरू.

हे आकडे नाशिककराला ढोलावरून चटकन कळतील. हवेतून आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे मीटरमागे जवळजवळ तीन मिलिसेकंद. गायकाशेजारी मीटरभरावर बसलेल्या तबलजीचा उशीर कुणाच्या लक्षातही येत नाही. पथकात मात्र पुढच्या ताशापासून दहा मीटर मागे उभं राहिलं की २९ मिलिसेकंदांचा फरक पडतो. नुसत्या कानावर विसंबलं तर ठोका मागे पडणारच, तिथे पुढच्याच्या हाताकडे बघावं लागतं. गाणाऱ्याला बघायला हात नसतो. शिवाय स्वतःचा आवाज त्याला कवटीच्या हाडांतून तत्क्षणी ऐकू येत असतो, त्यामुळे हेडफोनमधला उशिरा आलेला जुळा त्याला जास्तच खुपतो. दहा मिलिसेकंदांच्या आत बहुतेकांचं निभतं.

मग विंडोजमध्ये ही रांग एवढी लांबली कशी? विंडोजला आवाज मिळाला १९९१ मध्ये, ‘मल्टिमीडिया एक्स्टेन्शन्स’ या नावाने. तोच एमएमई हा ड्रायव्हर, म्हणजे प्रोग्रॅम आणि कार्ड यांच्यातला दुभाषा, आजही रेकॉर्डिंग प्रोग्रॅमच्या यादीत दिसतो. तेव्हाची अपेक्षा एवढीच होती की फाइल उघडली की आवाज यावा. अर्धा क्षण उशिरा आला तरी कुणाचं काही बिघडत नव्हतं. तुटला तर मात्र बोंब. म्हणून बफर ऐसपैस ठेवले. ज्यांना खरोखर रेकॉर्डिंग करायचं होतं ते वेगळ्याच यंत्रांवर होते. अटारी संगणकावर १९८९ मध्ये आलेला क्यूबेस हा प्रोग्रॅम मिडी हाताळायचा, आणि मिडीत आवाज नसतोच. कीबोर्डची कोणती पट्टी किती जोरात दाबली एवढीच नोंद असते. १९९१ चा प्रो टूल्स हा रेकॉर्डिंगचा प्रोग्रॅम आवाज आत-बाहेर नेणारी स्वतःची महागडी कार्डं घेऊन यायचा. १९९५ मध्ये मायक्रोसॉफ्टने डायरेक्टसाऊंड आणलं ते खेळांसाठी. बंदुकीचा चाप ओढला की बार लगेच ऐकू यायला हवा, ही त्यामागची निकड. माइकमधून आत येणारा आवाज त्या घाईत दुर्लक्षितच राहिला.

१९९७ मध्ये हॅम्बुर्गच्या स्टाइनबर्ग कंपनीने एएसआयओ नावाची ड्रायव्हरची पद्धत काढली आणि चित्र पालटलं. द्वारका चौकात संध्याकाळी अडकलेल्या माणसाला हे वेगळं समजवायला नको. खाली सिग्नल, रिक्षा, चारी बाजूंची गर्दी, आणि मुंबई-आग्रा महामार्गाची वाहनं वरच्या पुलावरून निघून जातात. एएसआयओ हा तसाच उड्डाणपूल. विंडोजची आवाज मिसळणारी यंत्रणा खाली राहते. रेकॉर्डिंगचा प्रोग्रॅम आणि कार्ड वरून थेट बोलतात. मधे दोनच बादल्या: एक नळाखाली भरतेय तोवर दुसरी टाकीत रिकामी व्हायची, मग अदलाबदल. आठ-दहा माइक एकाच वेळी वेगवेगळे घेण्याची सोयही त्यातच आली. मोबदल्यात बऱ्याचदा कार्ड एकाच प्रोग्रॅमच्या ताब्यात जातं आणि ब्राउझर मुका होतो. पुष्कळ जण याला बिघाड समजतात.

दरम्यान खालच्या चौकात गर्दी वाढतच होती. विंडोज ९८ आणि २००० च्या काळात केमिक्सर नावाचा मिसळणारा आला. तो एकटाच तीसेक मिलिसेकंद खायचा. त्याला वळसा घालणारी ‘कर्नल स्ट्रीमिंग’ नावाची गल्ली होती, आणि तिचाच वापर करून मिखाएल टिपाख यांनी एएसआयओ४ऑल हा फुकट ड्रायव्हर लिहिला. महागडा इंटरफेस (माइक संगणकाला जोडणारी पेटी) न परवडणाऱ्या आमच्यासारख्यांची रेकॉर्डिंगं यानेच तारली. २००७ मध्ये विंडोज व्हिस्टाबरोबर वासापी ही नवी यंत्रणा आली आणि त्यात कार्डाचा पूर्ण ताबा घेण्याची सोय खुद्द विंडोजनेच दिली. मॅकवाल्यांची यातून लवकर सुटका झाली. मॅक ओएस एक्सबरोबर २००१ मध्येच त्यांना कोअर ऑडिओ ही आवाजाची यंत्रणा मिळाली होती, त्यामुळे ‘कुठला ड्रायव्हर?’ हा प्रश्नच त्यांना कळत नाही.

यूएसबीची कथा आणखी मजेशीर आहे. ऑडिओसाठीचं दुसऱ्या पिढीचं मानक २००६ चं. विंडोजने ते स्वतःहून ओळखायला २०१७ उजाडलं. मधल्या काळात प्रत्येक कंपनी आपापला ड्रायव्हर लिहीत होती. म्हणूनच इंटरफेस घेताना माइकचा आवाज वाढवणाऱ्या प्रीॲम्पइतकंच महत्त्व मी ड्रायव्हरला देतो. कंपनीने स्वतः लिहिलेला आणि अजून सांभाळलेला असेल तर डोळे झाकून तोच. तो नसेल तर एएसआयओ४ऑल किंवा वासापी. एमएमईवर गाणी ऐकावीत. ब्लूटूथ इअरफोन लावून ड्रायव्हरला शिव्या घालणारेही भेटतात; तिथे ब्लूटूथमध्येच शंभर-दोनशे मिलिसेकंद गेलेले असतात, एएसआयओ बिचारं काय करणार! आणि इंटरफेसवर ‘डायरेक्ट मॉनिटर’ हे बटण असेल तर ते दाबा. माइकचा आवाज संगणकात न शिरता सरळ कानात येतो.

मावसबहिणीच्या वेळी माझं नेमकं काय चुकलं, ते मला फार उशिरा कळलं. यादीत ‘एएसआयओ डायरेक्टएक्स फुल डुप्लेक्स’ असं नाव होतं आणि मी एएसआयओ दिसल्यावर हुरळून तेच निवडलं होतं. नाव पुलाचं, रस्ता खालचा: तो ड्रायव्हर एएसआयओचा मुखवटा घालून आवाज डायरेक्टसाऊंडमधूनच नेतो. वर आपल्याला किती उशीर होतो हेही त्याने प्रोग्रॅमला नीट सांगितलं नव्हतं. एरवी प्रोग्रॅम तेवढा उशीर मोजून नवा ट्रॅक आपणहून तेवढा अलीकडे ओढतो.

परवा ती जुनी फाइल उघडली. तबल्याची सम आणि तिच्या शब्दाची सुरुवात यांतलं अंतर पडद्यावर मोठं करून मोजलं, ४० मिलिसेकंद निघालं. तिचा ट्रॅक माउसने तेवढा अलीकडे, डावीकडे सरकवला. पहिली दोन आवर्तनं ठेक्यावर चपखल बसली. तिसऱ्यापासून नाही बसली. तिथून ती खरोखरच मागे गायली आहे.