चार आण्यांना चालते, दहा पैशांना अडते

गेल्या महिन्यात बेळगावातील शहापूर भागातल्या एका सौहार्द सहकारी पतसंस्थेने मला सल्ल्यासाठी बोलावले होते. जुने सॉफ्टवेअर बदलायचे होते आणि दोन प्रस्ताव समोर होते. एक जावा भाषेतला, वजनदार आणि महाग होता. दुसरा इथल्याच तीन तरुण अभियंत्यांनी नोड (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट भाषा चालवणारी प्रणाली) आणि त्यावरच्या एक्सप्रेस या हलक्या फ्रेमवर्कवर बांधलेला होता. चेअरमन म्हणाले, "सर, ही पोरं म्हणतात जावा म्हातारी झाली. खरं काय ते सांगा."

वयाचा मुद्दा लगेच निकालात निघतो, कारण जावा आणि या तरुणांची जावास्क्रिप्ट या दोन्ही भाषा १९९५ सालीच लोकांसमोर आल्या. नवे आहे ते नोड (२००९) आणि त्यावरचे एक्सप्रेस (२०१०). हलके फ्रेमवर्क म्हणजे काय, तर आलेली मागणी ओळखून ती योग्य फंक्शनकडे पाठवण्यापुरते काम करणारा सांगाडा. बाकीचे सारे तुम्ही लिहायचे किंवा जगभरातून तयार तुकडे गोळा करायचे. असाच एक अवघ्या अकरा ओळींचा तुकडा मार्च २०१६ मध्ये त्याच्या लेखकाने मागे घेतला, तेव्हा त्यावर विसंबलेल्या हजारो प्रकल्पांची बांधणी काही तास अडली होती. तरीही पतसंस्थेच्या दृष्टीने मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो एक साधा प्रश्न: हे सॉफ्टवेअर दहा पैसे कसे लिहिते?

दहा पैसे म्हणजे रुपयाचा ०.१ भाग. दशमान पद्धतीत, ज्या अपूर्णांकाच्या छेदात २ आणि ५ यांखेरीज दुसरा मूळ अवयव नसतो, तेवढेच अपूर्णांक कुठेतरी संपतात. म्हणूनच एक तृतीयांश ०.३३३… असा लांबत जातो. संगणक द्विमान पद्धतीने मोजतो आणि तिथे छेदात फक्त २ चालतो. एक दशमांशाच्या छेदात ५ दडलेला असल्यामुळे द्विमानात तो ०.०००११००११००११… असा लिहावा लागतो, आणि त्यातला ००११ हा तुकडा कधीच थांबत नाही. संगणकाला मात्र थांबावे लागते. १९८५ मध्ये ठरलेल्या आयईईई ७५४ या मानकाप्रमाणे नेहमीच्या ६४ बिटांच्या संख्येत ५३ सार्थ द्विमान अंक मावतात, आणि उरलेली शेपटी कापून शेवटचा अंक जवळच्या बाजूला वळवला (राउंड केला) जातो. त्यामुळे साठवलेले ०.१ हे खऱ्या ०.१ पेक्षा किंचित मोठे असते. पुढे प्रत्येक बेरजेत अशीच काटछाट होते आणि ०.१ दहा वेळा मिळवल्यावर उत्तर येते ०.९९९९९९९९९९९९९९९९.

एका रुपयाच्या आतल्या, शून्य ते नव्याण्णव पैशांच्या शंभर रकमांपैकी संगणकाला अचूक लिहिता येणाऱ्या रकमा फक्त चार आहेत: शून्य, पंचवीस, पन्नास आणि पंचाहत्तर. म्हणजे चार आणे, आठ आणे, बारा आणे. आपल्या आजोबांच्या पाठांतरातली पावकी, निमकी आणि पाऊणकी. जुना रुपया सोळा आण्यांचा आणि आणा चार पैशांचा, म्हणजे रुपयाचे चौसष्ट पैसे. सोळा आणि चौसष्ट हे दोन्ही दोनाचेच घात. (एका आण्याच्या बारा पया मात्र तिनामुळे अडल्या असत्या.) उडुपीत १९२८ साली सुरू झालेल्या पिग्मी या रोजच्या अल्पबचतीच्या योजनेत रोजचे किमान दोन आणे घेत, आणि ते द्विमानात ०.००१ इतके सुटसुटीत बसतात. बेळगाव १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले आणि पाचच महिन्यांनी, १ एप्रिल १९५७ रोजी, रुपयाचे शंभर नये पैसे झाले. पहिल्या बदलावर इथे आजही बोलले जाते. दुसऱ्याने संगणकाची जी पंचाईत केली, तिच्याबद्दल मात्र कोणी बोलत नाही.

या संस्थेच्या सर्व्हरच्या कपाटावर लिंबू-मिरची टांगलेली होती, कारण डे-एंडच्या, म्हणजे दिवसअखेरच्या हिशेबाच्या वेळी अधूनमधून एखाद्या पैशाची तफावत येत असे. मी कोड उघडून पाहिला तेव्हा दोष कोणाच्या नजरेचा नसून ५ या मूळ अवयवाचा निघाला.

ही अडचण फार जुनी आहे आणि तिच्यावरचा उपायही तितकाच जुना आहे. हिशेबाच्या कामासाठीच घडवलेल्या कोबोल या जुन्या प्रोग्रामिंग भाषेमध्ये दशमान अंक जसेच्या तसे, एका बाइटमध्ये दोन, असे साठवता येतात, आणि आयबीएमच्या १९६४ च्या सिस्टीम/३६० यंत्रात तर अशा अंकांच्या बेरजेची सोय थेट यंत्रसूचनांतच होती. जावामध्ये बिगडेसिमल हा अचूक दशमान संख्येचा प्रकार भाषेसोबतच मिळतो. जावास्क्रिप्टमध्ये अशी दशमान संख्या अंगभूत नाही. पोस्टग्रेस डेटाबेस रक्कम अचूक दशमानात ठेवतो आणि नोडकडे ती मुद्दाम अक्षरांच्या रूपात सोपवली जाते. घाईतला प्रोग्रामर ती एका ओळीत साध्या संख्येत बदलतो आणि सारी खबरदारी वाया जाते. त्यावर तोडगा असा, की रुपये साठवायचेच नाहीत, पूर्ण पैसे साठवायचे. जावास्क्रिप्टमध्ये पूर्णांक सुमारे नव्वद लाख कोटी रुपयांइतक्या पैशांपर्यंत अचूक राहतो, आणि तेवढी ठेव शहापुरात जमण्याची भीती नाही.

मी दोन्ही गटांना एकच काम दिले: दहा पैशांची पिग्मी दहा वेळा जमा करा आणि न वळवलेली शिल्लक दाखवा. जावावाल्यांच्या पडद्यावर नऊची रांग उमटली, कारण त्यांनी बिगडेसिमल सोडून साधा डबल, म्हणजे तीच ६४ बिटांची द्विमान संख्या, वापरला होता. तरुणांच्या पडद्यावर १०० पैसे आले. मग मी व्याज विचारले. दहा हजार रुपयांवर साडेआठ टक्क्यांनी एका दिवसाचे व्याज २.३२८७… रुपये होते. तरुणांचा प्रोग्राम ते रोज रात्री २.३३ करत होता, त्यामुळे नव्वद दिवसांत २०९.५९ ऐवजी २०९.७० रुपये जमा होत होते. हे अकरा पैसे कोणाचे, हे कोणतीही भाषा किंवा फ्रेमवर्क ठरवू शकत नाही. व्याज रोज वळवायचे की तिमाहीच्या शेवटी एकदाच, हे संचालक मंडळानेच ठरवावे लागते. चेअरमननी सचिवांकडे पाहिले, सचिवांनी विषयपत्रिकेत एक ओळ वाढवली आणि विषय पुढच्या बैठकीवर गेला.