धापेच्या आजारात आयुष्याचा अंदाज : मोजमापाची पार्श्वभूमी

गिरणी, माग आणि विडी यांवर वाढलेल्या सोलापुरात धाप लागणे ही अनेक घरांत म्हातारपणाचीच खूण समजली जाते. येथील पहिली कापडगिरणी १८७४ साली स्थापन झाली. पुढे गिरण्या बंद पडल्या, पण पूर्व भागातील यंत्रमागांची खडखड आणि मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या स्त्रिया राहिल्या. विडीचे व्यसन, कापसाची धूळ आणि चुलीचा धूर यांमुळे श्वासनलिकांचा दाह वर्षानुवर्षे धुमसत राहतो, त्या अरुंद होतात, आणि फुप्फुसाची जी हानी होते ती भरून येत नाही; हाच धापेचा आजार, म्हणजे ‘सीओपीडी’. अशा रुग्णाचे नातेवाईक दवाखान्यात हलक्या आवाजात विचारतात, ‘अजून किती दिवस?’ या प्रश्नाला आकड्यांत उत्तर देण्याची धडपड जुनी आहे.

लंडनच्या जॉन हचिन्सन यांनी १८४६ साली श्वास मोजण्याचे यंत्र वापरून दोन हजारांहून अधिक माणसांची मोजणी प्रसिद्ध केली, आणि विमा उतरवताना आयुर्मानाचा अंदाज बांधण्यासाठी ती उपयोगी पडेल असे त्यांना वाटत होते. १९४७ साली फ्रान्समध्ये तिफनो आणि पिनेली यांनी जोराने सोडलेल्या श्वासाचा पहिल्या सेकंदातील भाग मोजण्याची कल्पना मांडली. त्यानंतर फ्लेचर आणि पेटो यांनी लंडनमधील कामकरी पुरुषांचा आठ वर्षे पाठपुरावा करून १९७७ साली दाखवले की धूम्रपान सोडले तर गेलेली ताकद परत येत नसली तरी पुढची घसरण मंदावते. हा निष्कर्ष आजही रुग्णाला पहिल्याच भेटीत सांगितला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

तरीही एकाच आकड्यावर भिस्त ठेवणे पुरेसे नव्हते, कारण सारखीच फुप्फुसे असलेली दोन माणसे वेगवेगळी वर्षे जगत होती. सेली आणि सहकाऱ्यांनी २००४ साली ‘बोड’ निर्देशांक मांडला : उंचीच्या मानाने वजन, श्वासमार्गातील अडथळा, धाप आणि सहा मिनिटांत चाललेले अंतर, यांचे मिळून शून्य ते दहा गुण; गुण जितके जास्त, तितका धोका मोठा. मृत्यूचा अंदाज या गुणांवरून केवळ श्वासचाचणीपेक्षा अधिक बरोबर ठरला. त्यातील धापेची मोजपट्टी ज्या प्रश्नावलीतून आली, ती घडवणारे फ्लेचर वेल्समधील खाणकामगारांच्या छातीच्या आजारांवर काम केलेले होते. सपाटीवर बरोबरीच्या माणसांसोबत चालता येते का, हा त्यातील प्रश्न मागावरच्या कामगारालाही लगेच उमगतो. चालण्याच्या चाचणीत रुग्ण व्हरांड्यात भिंतीला हात टेकून थांबला, तरी घड्याळ थांबत नाही.

२००९ सालच्या ‘एडीओ’ निर्देशांकाने वय, धाप आणि अडथळा एवढ्यावरच अंदाज बांधला. चालण्याची चाचणी त्यात नसल्याने गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागाला तो अधिक सोयीचा आहे. रक्तातील फायब्रिनोजेन या प्रथिनासारख्या दाहाच्या खुणाही पुढे अभ्यासल्या गेल्या.

मात्र ‘बोड’चे आकडे अमेरिका, स्पेन आणि व्हेनेझुएलातील, बहुतांशी पुरुष रुग्णांवरून आले आहेत. त्यानुसार १६० सेंटिमीटर उंचीच्या माणसाचे वजन सुमारे ५४ किलोपेक्षा कमी असले की एक गुण वाढतो. विड्या वळून संसार केलेल्या येथील एखाद्या आजीचे वजन मात्र तरुणपणापासूनच तेवढे असू शकते. म्हणून हा गुण मांडण्याआधी डॉक्टरांनी तिला विचारायला हवे, ‘आजी, लुगडं अलीकडे ढिलं व्हायला लागलंय का?’