अर्बुदशामक जनुके

पेशींच्या वाढीला व विभाजनाला आवर घालणाऱ्या जनुकांचा गट. त्यांचे कार्य लोपले की अर्बुद, म्हणजे अनावर वाढणारी गाठ, उद्भवण्याची शक्यता वाढते. अशा जनुकाची एक प्रत जन्मतःच सदोष असल्यास रेटिनोब्लास्टोमा (डोळ्याच्या दृष्टिपटलाचा कर्करोग), न्यूरोफायब्रोमॅटोसिस (त्वचेवर तपकिरी चट्टे व मज्जातंतूंवर गाठी), ट्यूबरस स्क्लेरोसिस (अनेक अवयवांत गाठी) यांसारखे आनुवंशिक लक्षणसमूह संभवतात.

या संकल्पनेचे जनकत्व सामान्यतः अमेरिकन आनुवंशिकीतज्ज्ञ ॲल्फ्रेड नूडसन यांना दिले जाते. तथापि ते पूर्णतः निर्विवाद नाही. विभाजनाला अटकाव करणारी गुणसूत्रे असावीत, असा तर्क टेओडोर बोव्हेरी यांनी १९१४ मध्येच केला होता. कर्करोगाला एकाहून अधिक उत्परिवर्तने (जनुकांतील बदल) लागतात, हे मत कार्ल नॉर्डलिंग यांचे (१९५३). हेन्री हॅरिस व सहकाऱ्यांनी १९६९ च्या सुमारास कर्कपेशींचा इतर पेशींशी संयोग घडवला, तेव्हा संकरित पेशींची अर्बुदक्षमता दबलेली आढळली. नूडसन यांनी १९७१ मध्ये रेटिनोब्लास्टोमाच्या ४८ रुग्णांच्या माहितीचे सांख्यिकीय विश्लेषण करून ‘दोन आघातां’चे गृहीतक मांडले : आनुवंशिक प्रकारात पहिला आघात जन्मतःच झालेला असतो, म्हणून गाठी लवकर व बहुधा दोन्ही डोळ्यांत येतात. हे आघात एकाच जनुकाच्या दोन प्रतींवर होतात, ही गोष्ट त्या निबंधात पुरेशी स्पष्ट नव्हती. ती डेव्हिड कमिंग्ज यांनी १९७३ मध्ये अधिक नेमकी मांडली, असे काही अभ्यासक मानतात व ते ग्राह्य वाटते. प्रायोगिक पुष्टी १९८३ मध्ये मिळाली. १३ व्या गुणसूत्रावरील आरबी१ हे जनुक १९८६ मध्ये विलग करण्यात आले.

आरबी१चे प्रथिन ई२एफ या, जनुके चालू करणाऱ्या घटकांना बांधून ठेवते व पेशीला डीएनएची नक्कल सुरू करू देत नाही. न्यूरोफायब्रोमॅटोसिसशी निगडित, १७ व्या गुणसूत्रावरील एनएफ१ या जनुकाचे न्यूरोफायब्रोमिन हे प्रथिन रॅस या संकेतवाहक प्रथिनाला चिकटलेल्या जीटीपी या रेणूचे (रॅसची ‘चालू’ स्थिती) जीडीपीत (‘बंद’ स्थिती) रूपांतर वेगाने घडवते. त्यामुळे वाढीचा संकेत वेळीच थांबतो. ते नसल्यास रॅस सक्रिय राहते आणि मेक, एमटॉर या पुढच्या साखळ्यांना चालना मिळते. ट्यूबरस स्क्लेरोसिसशी निगडित टीएससी१ व टीएससी२ या जनुकांची प्रथिने मिळून एमटॉरला लगाम घालतात. एव्हरोलिमस व सेल्युमेटिनिब ही औषधे याच साखळ्यांवर काम करतात. पीटेनसारख्या जनुकात एक प्रत कमी पडली तरी परिणाम दिसतात. दोन आघातांचा नियम सर्वत्र सारखा लागू पडत नाही.

हे दोष पेशीच्या पातळीवर अप्रभावी, पण वंशावळीत प्रभावी असतात : बाधित पालकाच्या प्रत्येक अपत्याला ते मिळण्याची शक्यता सुमारे ५० टक्के. मराठवाड्यात मामाच्या मुलीशी सोयरीक करण्याची रीत अनेक समाजांत आहे, त्यामुळे अंगावरचे तपकिरी चट्टे व गाठी यांचा दोष त्या नात्यावर टाकला जाण्याचा संभव असतो. एनएफ१मुळे होणाऱ्या न्यूरोफायब्रोमॅटोसिसबाबत तो निराधार आहे. जवळपास निम्म्या रुग्णांत हे उत्परिवर्तन नव्यानेच झालेले असते, आईवडिलांत नसतेच. अपवाद आहे तो डीएनए-दुरुस्तीच्या पीएमएस२, एमएसएच६ अशा जनुकांच्या दोन्ही प्रती सदोष मिळालेल्या मुलांचा. त्यांच्याही त्वचेवर तसेच चट्टे दिसतात, रक्ताचे, मेंदूचे वा आतड्याचे कर्करोग लहानपणीच होतात, आणि त्यांचे आईवडील पुष्कळदा एकमेकांचे रक्ताचे नातेवाईक असतात. म्हणून ‘घरात कोणाला गाठी आहेत का?’ याबरोबर ‘लग्न नात्यातले का?’ हेही विचारून नोंदवणे इष्ट.

छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. नांदेडकडील कुटुंबांना मुंबईपेक्षा हैदराबाद जवळ पडते. डोळ्यांच्या अर्बुदांवरील उपचारांची सोय तेथेही आहे.