देशाची अर्थव्यवस्था व चलन : गुंतवणुकीसाठी मूल्यमापन

परदेशात पैसा गुंतवण्याआधी त्या देशाची कमाई, कर्ज फेडण्याची ताकद आणि चलनाचे मोल टिकवण्याची क्षमता तपासण्याची ही पद्धत आहे. रोखे, शेअर किंवा कारखाना, गुंतवणूक कोणतीही असो, परदेशी गुंतवणूकदार एकाच वेळी दोन गोष्टी विकत घेतो : ती मालमत्ता आणि ती ज्या चलनात मोजली जाते ते चलन. शेअरबाजार २० टक्के वर गेला आणि त्याच काळात चलन २५ टक्के घसरले, तर १०० गुंतवणाऱ्याच्या हाती स्वतःच्या चलनात ९० उरतात.

आर्थिक वाढीचा दर सगळ्यात आधी नजरेत भरतो. पण धोक्याबद्दल तो फार कमी सांगतो. थायलंड १९९७ पूर्वीच्या दशकात जगातील सर्वाधिक वेगाने वाढणाऱ्या देशांपैकी एक होता. सरकारी अंदाजपत्रकही शिलकीचे होते. मात्र १९९५ आणि १९९६ मध्ये चालू खात्यावरील तूट, म्हणजे व्यापार, सेवा, व्याज यांपोटी परदेशांतून आलेल्या पैशापेक्षा बाहेर गेलेला जादा पैसा, स्थूल देशांतर्गत उत्पादनाच्या सुमारे ८ टक्क्यांवर गेली होती आणि ती भरून निघत होती खासगी बँका व कंपन्यांनी घेतलेल्या अल्पमुदतीच्या डॉलर-कर्जातून. डॉलरला सुमारे २५ बाहत हा दर सांभाळताना मध्यवर्ती बँकेने आपली बरीचशी गंगाजळी, म्हणजे परकीय चलनाचा साठा, वायदे व्यवहारांत (पुढच्या तारखेला ठरलेल्या दराने डॉलर देण्याच्या करारांत) बांधून टाकली. जाहीर आकड्यात हे दिसत नव्हते. २ जुलै १९९७ रोजी बाहत मोकळा सोडावा लागला आणि पुढच्या जानेवारीत तो इतका घसरला की एका डॉलरला ५० हून अधिक बाहत पडू लागले. सरकारी हिशेब चोख असूनही देश संकटात सापडू शकतो, हे या घटनेने अभ्यासकांना कायमचे शिकवले.

म्हणून मूल्यमापनाचा गाभा म्हणजे देशाचा परकीय चलनातला ताळेबंद : येत्या वर्षभरात किती परकीय चलन बाहेर जाणार आहे आणि ते कोठून येणार आहे. चालू खात्यावर तूट असणे हा स्वतःमध्ये दोष नव्हे. यंत्रसामग्री व कारखान्यांत येणाऱ्या थेट परकीय गुंतवणुकीतून ती भरली जात असेल, तर ती वर्षानुवर्षे टिकते. उपभोगासाठी घेतलेल्या अल्पमुदतीच्या कर्जावर ती उभी असेल, तर सावकारांचे मत बदलताच पाया सरकतो. गंगाजळी किमान तीन महिन्यांच्या आयातीला पुरावी, हा जुना मापदंड. थायलंडपासून सुरू झालेल्या या आशियाई संकटानंतर १९९९ मध्ये अर्जेंटिनाचे पाब्लो ग्वीदोत्ती आणि अमेरिकेचे ॲलन ग्रीनस्पॅन यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम पुढे आला : वर्षभरात फेडायचे सर्व परकीय कर्ज गंगाजळीतून भागले पाहिजे. हा नियम अधिक उपयोगी आहे, कारण संकटात आयात कमी करता येते, पण कर्जाची तारीख पुढे ढकलता येत नाही. गंगाजळीतला किती भाग खरोखर वापरता येतो, हेही पाहावे लागते. २०२२ मध्ये श्रीलंकेच्या जाहीर गंगाजळीचा मोठा हिस्सा चीनशी झालेल्या युआन अदलाबदल कराराचा (दोन मध्यवर्ती बँकांनी एकमेकींना आपापले चलन देण्याच्या कराराचा) होता आणि तो वापरण्यावर अटी होत्या. त्याच वर्षी एप्रिलमध्ये श्रीलंकेने परकीय कर्जफेड थांबवली.

कर्ज किती, यापेक्षा ते कोणत्या चलनात आणि कोणाकडून घेतलेले, हा प्रश्न मोठा आहे. जपानचे सरकारी कर्ज स्थूल देशांतर्गत उत्पादनाच्या दुपटीहून अधिक. पण ते येनमध्ये आहे, बहुतांश देशातल्याच लोकांकडून व संस्थांकडून घेतलेले आहे आणि जपानची परदेशांतील मालमत्ता त्याच्या परकीय देण्यांपेक्षा जास्त आहे. अर्जेंटिनाचे कर्ज २००१ मध्ये उत्पादनाच्या जवळपास निम्मेच होते, मात्र बहुतेक परकीय चलनात. डिसेंबर २००१ मध्ये त्या देशाने कर्ज बुडवले. जानेवारी २००२ मध्ये एक पेसो म्हणजे एक डॉलर ही १९९१ पासूनची बांधणी सुटली; काही महिन्यांत डॉलरला तीनपेक्षा अधिक पेसो पडू लागले आणि कर्जाचे उत्पादनाशी असलेले प्रमाण नवे पैसे न उचलताही १०० टक्क्यांच्या पलीकडे गेले. स्वतःच्या चलनात परदेशातून कर्ज उभारता न येण्याच्या या दुबळेपणाला बॅरी आयकेनग्रीन व रिकार्दो हाउसमान यांनी १९९९ मध्ये ‘मूळ पाप’ असे नाव दिले. कर्ज स्थानिक चलनात असले म्हणजे धोका नाहीसा होत नाही. तो सावकाराकडे सरकतो, आणि चलन पडू लागताच परदेशी सावकार रोखे विकून ते आणखी पाडतात.

चलन स्वस्त की महाग, हे ठरवणे सर्वांत कठीण. गुस्ताव कासेल यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात मांडलेली क्रयशक्ती समानता दोन देशांतील किमतींची तुलना करते. पण गरीब देशांत सेवा स्वस्त असल्याने त्यांची चलने या मापाने कायम स्वस्तच दिसतात. त्यामुळे वास्तव परिणामकारक विनिमय दराची, म्हणजे व्यापारी भागीदारांच्या तुलनेत महागाई वजा केलेल्या दराची, त्याच देशाच्या मागील सरासरीशी तुलना करणे बरे. इथेही धीर लागतो : केनेथ रोगॉफ यांनी १९९६ मध्ये घेतलेल्या आढाव्यानुसार समानतेपासूनचे विचलन निम्मे होण्यास तीन ते पाच वर्षे लागतात. दोन-चार महिन्यांच्या अंदाजासाठी हे साधन निरुपयोगी आहे. चढा व्याजदर ही बहुधा अपेक्षित घसरणीची भरपाई असते. विनिमय-वायद्याने संरक्षण घ्यायला गेल्यास व्याजातला जवळपास सगळा फरक त्याच खर्चात जातो.

बांधलेला दर शांत दिसतो, म्हणून तो सुरक्षित वाटतो. स्विस मध्यवर्ती बँकेने सप्टेंबर २०११ मध्ये युरोला किमान १.२० फ्रँक हा दर राखण्याचे जाहीर केले आणि १५ जानेवारी २०१५ रोजी तो अचानक सोडून दिला. काही मिनिटांत फ्रँक इतका वधारला की त्यात कर्ज घेतलेले परदेशी ग्राहक व दलाल अडचणीत आले. खुल्या बाजारात वेगळाच भाव चालत असेल, तर तोच खरा मानावा. नोव्हेंबर २०१६ मध्ये इजिप्तने पाउंड मोकळा केला, तेव्हा डॉलरला ८.८ हा अधिकृत दर वर्ष संपण्याआधी १८ च्या आसपास पोचला.

आकडेवारीवर आंधळा विश्वास चालत नाही. ग्रीसची २००९ ची तूट आधी उत्पादनाच्या ४ टक्क्यांच्या आत सांगितली गेली होती. ती अखेर १५ टक्क्यांहून अधिक निघाली. अर्जेंटिनाने २००७ पासून महागाई कमी दाखवली आणि २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने त्याबद्दल औपचारिक ताशेरे ओढले. जाणते अभ्यासक विजेचा वापर, करवसुली आणि समोरच्या देशांनी नोंदवलेली निर्यात यांच्याशी आकडे ताडून पाहतात. पतमानांकन, म्हणजे कर्ज फेडण्याच्या क्षमतेला मानांकन संस्थांनी दिलेली श्रेणी, उपयोगी खरे, पण ते मागून येते : दक्षिण कोरियाचे मानांकन ऑक्टोबर १९९७ पर्यंत उच्च श्रेणीत होते आणि डिसेंबर संपण्याआधी गुंतवणूकयोग्य पातळीखाली गेले.

शेवटी पाहायचा तो बाहेर पडण्याचा रस्ता, आणि नवखे गुंतवणूकदार नेमका तोच विसरतात. मलेशियाने सप्टेंबर १९९८ मध्ये डॉलरला ३.८० रिंगिट दर बांधला आणि परदेशी शेअर-गुंतवणुकीची रक्कम बारा महिने देशाबाहेर नेण्यास बंदी घातली; फेब्रुवारी १९९९ मध्ये बंदीच्या जागी कर आला. २०२२ मध्ये युक्रेनवरील आक्रमणानंतर रशियाने अनेक परदेशी गुंतवणूकदारांचे लाभांश व व्याज ‘सी’ प्रकारच्या विशेष खात्यांत अडकवले. मालमत्ता कागदावर त्यांचीच राहिली, पण ती विकून पैसा मायदेशी नेण्याचा मार्ग उरला नाही.