निक्सचे गार्ड आणि पश्चातबुद्धीचे निकाल

अमेरिकेच्या एनबीए बास्केटबॉल लीगमधल्या न्यू यॉर्क निक्स संघाने 2022 मध्ये जेलन ब्रन्सनला चार वर्षांसाठी 10.4 कोटी डॉलर दिले, तेव्हा अनेकांनी नाकं मुरडली होती. ड्राफ्टच्या (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीच्या) दुसऱ्या फेरीत 33व्या क्रमांकावर निवडला गेलेला, उंचीने कमी, डॅलस संघात स्टार खेळाडू लुका डॉन्चिचच्या सावलीत वाढलेला गार्ड (चेंडू हाताळणारा खेळाडू). त्याच्यावर एवढा पैसा? शंकेमागे या संघाचा इतिहास होता.

त्या इतिहासात पहिलं नाव निघतं निक्सचाच गार्ड ॲलन ह्यूस्टनचं. 1999 च्या प्लेऑफमध्ये (हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांमध्ये) मायामीविरुद्धच्या निर्णायक पाचव्या सामन्यात त्याने टाकलेला चेंडू रिमवर आपटला, उडून बॅकबोर्डला लागला आणि आत पडला. घड्याळात 0.8 सेकंद उरले होते. आठव्या मानांकनाचे निक्स तिथून थेट अंतिम फेरीत पोहोचले. 2001 मध्ये संघाने त्याला सहा वर्षांसाठी सुमारे 10 कोटी डॉलरचा करार दिला. मग गुडघ्याने दगा दिला आणि 2005 मध्ये तो निवृत्त झाला. त्याच वर्षी लीगने संघांना एका नकोशा करारावरचा लक्झरी टॅक्स (पगारावर मर्यादेपलीकडे खर्च करणाऱ्या संघाला पडणारा दंड) टाळण्याची एकदाच वापरता येणारी सवलत दिली आणि तिला ह्यूस्टनचंच नाव चिकटलं. निक्सने स्वतः मात्र ती जेरोम विल्यम्स या दुसऱ्याच खेळाडूसाठी वापरली.

या कराराला सरसकट मूर्खपणा म्हणणं मला पटत नाही. कराराचे पहिले दोन्ही हंगाम ह्यूस्टनची सरासरी सामन्यामागे 20 गुणांच्या वर होती; 2002-03 मध्ये तर 22.5. गुडघा नेमका कधी जाईल हे 2001 मध्ये कुणीच सांगू शकलं नसतं. पण तो तिशीत पोहोचला होता, पगार दरवर्षी चढत जाणार होता आणि 2001-02 ची सॅलरी कॅप (संघाच्या एकूण पगारखर्चाची मर्यादा) 4.25 कोटी डॉलर होती, हे सगळं समोरच होतं. पहिल्याच वर्षी कॅपचा सुमारे 30 टक्के वाटा एकट्याकडे! चूक असेल तर ती इथे आहे, आणि ती सही करतानाही दिसत होती.

ब्रन्सनचा करार याच्या शेजारी ठेवून पाहा. एकूण आकडा जवळपास तोच, पण 2022-23 ची कॅप सुमारे 12.37 कोटी. पहिल्या वर्षाचा पगार 2.77 कोटी, म्हणजे कॅपच्या 22 टक्क्यांच्या आसपास. वय 25, आणि पगार पुढे उतरता. त्याच वर्षीच्या प्लेऑफमध्ये डॉन्चिच जायबंदी असताना त्याने यूटाविरुद्ध 41 गुण केले होते. नाकं मुरडणाऱ्यांनी एवढं जरी पाहिलं असतं तरी पुरे होतं.

मधल्या काळातलं जेरेमी लिनचं प्रकरण अधिक गुंतागुंतीचं. दोन संघांनी सोडलेला हा मुलगा डिसेंबर 2011 मध्ये निक्सकडे आला. फेब्रुवारीत त्याने लेकर्सविरुद्ध 38 गुण केले आणि शहर वेडं झालं. उन्हाळ्यात ह्यूस्टन रॉकेट्स या संघाने त्याला तीन वर्षांसाठी सुमारे 2.5 कोटींचा करार देऊ केला. त्यातला निम्म्याहून जास्त भार तिसऱ्या वर्षावर होता, जेणेकरून निक्सला टॅक्सचा दणका बसावा. तेवढाच करार देऊन लिनला ठेवून घेण्याचा हक्क निक्सने वापरला नाही आणि आपला जुना गार्ड रेमंड फेल्टनला परत आणलं. चाहते संतापले. 2012-13 मध्ये संघाने 54 सामने जिंकले, तेव्हा हाच निर्णय शहाणपणाचा ठरला. पुढच्या हंगामात विजय 37 वर आले, फेल्टनची रवानगी झाली आणि निकाल पुन्हा फिरला. निर्णय तोच, कागद तेच. बदलला तो फक्त गुणतक्ता. माझ्या मते तिसऱ्या वर्षाचा बोजा नाकारणं योग्य होतं, पण फेल्टनवर भिस्त ठेवणं नव्हे.

ब्रन्सनची किंमत नुसती पैशात मोजून भागत नाही. त्याच्याशी ठरलेल्या मुदतीआधीच बोलणी केल्याबद्दल लीगने निक्सची 2025 च्या ड्राफ्टमधली दुसऱ्या फेरीची निवड काढून घेतली. ती किंमत किरकोळ ठरली: 2023-24 मध्ये त्याची सरासरी 28.7 गुण होती, आणि 2025 मध्ये निक्स 2000 नंतर प्रथमच ईस्टर्न कॉन्फरन्सच्या (लीगच्या पूर्व गटाच्या) अंतिम फेरीत पोहोचले. 2024 मध्ये त्याने चार वर्षांची 15.65 कोटींची मुदतवाढ स्वीकारली. वर्षभर थांबला असता तर त्याला सुमारे 11 कोटी जास्त मिळू शकले असते. या कराराचं शेवटचं वर्ष 2028-29, आणि तेव्हा ब्रन्सन 32 वर्षांचा असेल.