प्लेगची लस आणि लोकांची धास्ती

जंतुशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत तयार केलेल्या प्लेगच्या लशीविषयी १८९७ नंतर पसरलेली भीती व तीतून उद्भवलेले वाद. ही भीती निव्वळ अडाणीपणाची होती, असे सरकारी कागदपत्रांत वारंवार सुचवलेले दिसते. ते अर्धेच खरे आहे.

१८९६ मध्ये मांडवीत प्लेग फुटल्यावर हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात ही लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगातील स्वयंसेवकांवर तिची चाचणी झाली. प्लेगचे जंतू मांसाच्या रश्श्यात वाढवून उष्णतेने मारत. रश्श्यावर तुपाचे थेंब सोडत. त्यांच्या खाली जंतूंची वाढ धाग्यांसारखी लोंबे. धर्माची अडचण नको म्हणून गाय व डुक्कर टाळून बकऱ्याचे मांस घेतले जाई. शाकाहारी मंडळींचे समाधान अर्थात त्याने होणारे नव्हते.

टोचल्यावर ताप भरे, दंड सुजे. शिवाय ज्याच्या अंगात प्लेग आधीच शिरलेला असे, तो टोचूनही दगावे. शेजाऱ्यांना दिसे ते एवढेच : काल टोचले, आज गेला. सुई गजभर लांब असते, पुरुषत्व जाते, बायका वांझ होतात, अशा वावड्या प्लेगबरोबर गावोगाव फिरल्या. त्यात १८९७ च्या साथरोग कायद्याखाली सोजीर घरात घुसून झडत्या घेत, रोग्यांना उचलून नेत. पुण्यात त्या संतापातून २२ जून १८९७ रोजी प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली. टोचणी ऐच्छिक होती खरी, पण ती देणारे सरकार तेच होते. मुंबईत इस्माइली खोजांचे धर्मगुरू तिसऱ्या आगाखानांनी आपल्या लोकांसमोर स्वतः टोचून घेतले. त्यांच्या अनुयायांवर त्याचा जितका परिणाम झाला, तितका जाहीर पत्रकांचा झाला नसता.

खरा घाव बसला तो पंजाबात. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी मुलकोवाल गावी १०७ जणांना टोचण्यात आले. त्यांपैकी ‘५३ एन’ या एकाच बाटलीतील लस मिळालेले १९ जण धनुर्वाताने मेले. चौकशी मंडळाने दोष मुंबईच्या प्रयोगशाळेवर ठेवला. हाफकिन यांनी लशीत जंतुनाशक कार्बॉलिक आम्ल घालणे सोडले होते, हा त्यांच्याविरुद्धचा मुख्य मुद्दा. त्यांना कामावरून दूर करण्यात आले. पुढे बाटली उघडतानाची हकिगत बारकाईने तपासली गेली, तेव्हा चित्र पालटले : मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, आणि तो पुरेसा निर्जंतुक न करताच त्याने बूच काढले होते. धनुर्वाताचे जंतू बाटलीत आधीपासून असते तर लशीला दुर्गंधी आली असती. उघडताना तशी ती आली नव्हती. रोनाल्ड रॉस आदी शास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’मधून बाजू मांडल्यावर हाफकिन निर्दोष ठरले. परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव मिळाले ते १९२५ मध्ये.

म्हणजे वावडी खोटी, पण धोका एकदा खरा निघालेला, असा हा गुंता होता. पुण्यात बनलेल्या कोविशील्डबाबतही २०२१ मध्ये नपुंसकत्वाची आवई उठली, ती निराधार होती. त्याच लशीने क्वचित रक्तात गुठळ्या होतात, ही गोष्ट मात्र युरोपच्या औषध नियामकाने त्याच वर्षी एप्रिलमध्ये मान्य केली.