टाके पोटावर, मालिश पायाला

परभणी-हिंगोलीकडे लेक बाळंतपणासाठी माहेरी आली की तिला न्हाऊ-माखू घालणाऱ्या बाईला आधीच सांगून ठेवण्याची रीत आहे. ‘सिझर’ झालेले असेल तर मात्र घरात वाद होतो. आजीला पोट चोळून घट्ट बांधायचे असते, तर आईला टाक्यांच्या भीतीने बाळंतिणीच्या अंगाला तेलाचा हातच लागू द्यायचा नसतो. पोटाविषयी आईचे बरोबर आहे; पण त्यापायी सगळी मालिश बंद करणे, हे मला अनावश्यक वाटते.

या शस्त्रक्रियेत त्वचा, चरबी, पोटाच्या स्नायूंवरचे चिवट आवरण, पोटाचे आतील अस्तर आणि गर्भाशयाची भिंत असे थर क्रमाने उघडतात. स्नायू सहसा कापत नाहीत, मधून बाजूला सारतात. वरची जखम दीड-दोन आठवड्यांत मिटलेली दिसली, तरी आतल्या आवरणाला ताकद यायला कित्येक आठवडे लागतात. त्यात बाळ अंगावर पिऊ लागले की ऑक्सिटोसिन हे संप्रेरक स्रवते, गर्भाशय आकसते आणि ओटीपोटात कळा येतात. अशा पोटावर जोर देणे धोक्याचेच.

हातापायांचे तसे नाही. सिझेरियननंतरच्या अनेक चाचण्यांत प्रत्येक हाताला आणि पायाला पाच-पाच मिनिटे, म्हणजे एकूण वीस मिनिटे मालिश करण्यात आली आणि त्यानंतर स्त्रियांनी वेदना कमी झाल्याचे सांगितले. या चाचण्या बहुतांशी लहान आहेत, आणि आपल्याला मालिश झाली हे बाईपासून लपवता येत नाही, हे ध्यानात ठेवूनच त्यांचे निष्कर्ष वाचावेत.

पण दुखते पोट आणि चोळायचा पाय, याने आराम कसा पडावा? रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या वेदना-संशोधकांनी 1965 मध्ये मांडलेल्या ‘द्वार-नियंत्रण’ सिद्धान्तानुसार स्पर्शाचे संदेश जाड मज्जातंतूंतून जातात, वेदनेचे बारीक तंतूंतून, आणि मज्जारज्जूत स्पर्शाचा संदेश वेदनेची वाट अडवू शकतो. कोपर दारावर आपटले की आपण ते नकळत चोळतो, ते यामुळेच. मात्र पायाचे आणि पोटाचे संदेश मज्जारज्जूत वेगवेगळ्या पातळ्यांवर पोहोचतात, त्यामुळे इथे एवढे स्पष्टीकरण पुरत नाही. मेंदू स्वतःही मज्जारज्जूकडे वेदना दाबणारे संदेश पाठवतो. संथ, ओळखीच्या हाताने भीती आणि ताण उतरला, की त्या यंत्रणेला वाव मिळतो, असे मानले जाते. पॅरासिटामॉलसारखी डॉक्टरांनी दिलेली गोळी मात्र चालूच ठेवायची. मालिश तिच्या जोडीला आहे, तिच्या जागी नाही.

करडईचे कोमट तेल तळहातावर घेऊन तळव्यापासून घोट्यापर्यंत अंगठ्याने सावकाश, बेताच्या दाबाने चोळावे. बाळंतीण उताणी असो वा कुशीवर, टाक्यांवर ताण येत नाही. अपवाद एकच, पण मोठा. सिझेरियननंतर पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढलेला असतो. एकच पोटरी सुजली, गरम लागली किंवा दुखू लागली, तर ‘पाय भरून आलाय’ म्हणून ती चोळू नये, त्याच दिवशी दवाखाना गाठावा. दम लागत असेल किंवा छातीत दुखत असेल, तर तेवढीही वाट पाहू नये.

व्रणाची मालिश पुढची गोष्ट आहे. जखम पूर्ण भरल्यावर, साधारण सहा आठवड्यांनंतर आणि डॉक्टरांनी पाहिल्यावरच, व्रणावर बोटांच्या टोकांनी हलके फिरवायला सुरुवात करता येते. तिथे बधिर वाटले तरी घाबरू नये. त्वचेचे बारीक मज्जातंतू कापले गेलेले असतात आणि त्या पट्ट्यात संवेदना परतायला काही महिने लागू शकतात.